नसीमच्या गाडीची वीज

आमच्या नसीमचं मला फार कौतुक वाटतं, का ते सांगतो. गेल्या वर्षी लोणी काळभोरला मित्राच्या शेतात राहायचा ट्रेलर लावून, तिथल्याच विजेवर आम्ही राहिलो होतो. तिचे वडीलही, म्हणजे आमचे चाचा, सोबत होते. संध्याकाळी लाइट गेली आणि चाचांना दम लागला. वाफेचं मशीन होतं, पण ते विजेवरचं.

मी घाबरून म्हणालो, "दवाखान्यात नेऊ."

"आधी मशीन लावू," नसीम म्हणाली. तिची गाडी बॅटरीवर चालणारी. चार्जिंगच्या जागी तिने बॅटरीतली वीज बाहेर घ्यायची जोडणी बसवली आणि ट्रेलरची वायर त्यात खोचली. दिवे लागले, मशीन सुरू झालं.

दम ओसरल्यावर चाचा मला म्हणाले, "आता विजेची शेगडी लावून चहा ठेव. संकोच करू नकोस, वीज माझ्या मुलीची आहे."