पश्चिमेची खुर्ची

(बेटाच्या पश्चिम टोकावरचं मच्छीमार गाव, एक स्वयंपाकघर. ओमेर दुआरों नुकताच निवडून आलाय. लेओनी त्याची बायको. व्हर्ना कडमोर प्रांताची नवी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री.)

व्हर्ना : नाही ओमेर, रस्तेखातं मिळणार नाही. ते पूर्वेच्या मॅथेसनला दिलं.

ओमेर : त्याला? अहो, तो स्वतःच्या अंगणातून गाडी काढताना कुंपण पाडतो!

व्हर्ना : मग रस्ते तरी रुंद करील. अर्थखातं राजधानीकडे गेलं, आरोग्य डॉक्टरीणबाईंकडे, शेती मधल्या बटाटेवाल्यांकडे. दहा खुर्च्या, नऊ भरल्या. उरली ती पश्चिमेची, आणि ती मासेमारीची आहे.

लेओनी : आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याला स्वतःची मासेमारीची बोट ठेवता येत नाही. कायदा ठाऊक आहे गं आम्हाला. बिस्कीट घे, काकवी लाव भरपूर.

ओमेर : बापाची बोट आहे ती, व्हर्नाबाई. शेवंडांचे सापळे उचलून पाठीचा काटा ढिला झाला, तरी उजाडलं की पाय धक्क्याकडेच वळतात.

व्हर्ना : समजतं मला.

ओमेर : काय समजतं, कप्पाळ! दुसरी एखादी चिल्लर खुर्ची द्या. पर्यटन द्या. हसून सगळ्यांशी हात मिळवीन.

लेओनी : तू? हसून?

व्हर्ना : हसणारे माझ्याकडे ढिगानं आहेत. शेवंडांच्या हंगामासाठी ओटावाला केंद्रात बसलेल्या साहेबांशी समोरासमोर भांडेल असा एकच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ही खुर्ची राजधानीतल्या वकिलाला जाईल, पश्चिमेला मंत्रीच उरणार नाही. मग या धक्क्यापाशी साचलेला गाळ पुढच्या निवडणुकीपर्यंत आहे तिथंच.

ओमेर : धमकी देता?

व्हर्ना : छे! मंत्री करायला आलेय. गुरुवारी सकाळी शपथविधी, उत्तर आज हवं.

लेओनी : कधी म्हणालीस?

व्हर्ना : गुरुवारी. पत्रिकासुद्धा गेल्या.

लेओनी : अगं बाई! ऐकलंस का रे? गुरुवारी म्हणे!

ओमेर : हसू नकोस, लेओनी.

व्हर्ना : का? झालं काय?

ओमेर : वाऱ्यामुळे हंगामाचा पहिला दिवस पुढे ढकलला, तो गुरुवारवर आला. सकाळपासून रेडिओ तेच सांगतोय. गुरुवारी पहाटे सगळ्या बोटी सापळे टाकायला निघणार. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, अख्खं गाव धक्क्यावर. पाद्री येऊन बोटींवर तीर्थ शिंपडतो. त्या दिवशी इकडे लग्न काढत नाहीत, मरायचंसुद्धा टाळतात माणसं! आणि तुम्ही मासेमारीचा मंत्री तिकडे कोट घालून उभा करणार? एकानंही सांगितलं नाही तुम्हाला?

व्हर्ना : नऊ मंत्री माझे. एकानंही नाही.

ओमेर : नऊच्या नऊ?

व्हर्ना : आता तरी कळलं, मी इतक्या लांब गाडी हाकत का आले?

लेओनी : आता बोल की. हो का नाही?

ओमेर : शपथ शनिवारी.

व्हर्ना : शनिवारी. आत्ताच फोन करते.

ओमेर : गुरुवारी सापळे मीच टाकणार. शेवटचे. मग बोट रेजीला विकेन. माझ्या हाताखाली तयार झालाय, जपेल तिला. नाव मात्र बदलायचं नाही, बापाचं आहे.

व्हर्ना : मान्य.

ओमेर : तुमचं काय मान्य? ते रेजीनं म्हणायचंय.

लेओनी : म्हणेल, नाही म्हणून जातो कुठं! आणि गुरुवारी मीही बोटीवर येणार.

ओमेर : तू? धक्का सुटला की ओकाऱ्या काढतेस!

लेओनी : काढीन. सारा जन्म धक्क्याच्या टोकाच्या दिव्याखाली उभी राहून हात हलवला. बोटीवरून तुला काय दिसतं, ते एकदा तरी बघू दे.

ओमेर : मग दिव्याखाली कोण उभं राहणार? तिथं कुणी दिसलं नाही तर मला निघवत नाही, ठाऊक आहे ना तुला?

लेओनी : ही आहे की. व्हर्ना, पहाटे ये. जाड स्वेटर घाल. आणि हात जरा उंच कर गं, ह्याला लांबचं दिसत नाही.