पाट खाली ठेवता येत नाही

माझं माहेर धुळ्याकडचं, पांझरेच्या काठचं, आणि लहानपणी मी इतकी भित्री की कोणाच्या दारात कुत्रं बसलेलं दिसलं तर ताकाचा रिकामा तांब्या घेऊन तशीच घरी परत यायची, आई म्हणायची, हिचं सासरी कसं व्हायचं. लग्न होऊन इकडे गिरणाकाठी आले. तू बाहेरगावची पोर, तुला अहिराणी कळत नाही म्हणून अशी बोलतेय, नाहीतर आमचं बोलणं निराळंच शे. हे ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर, मी शाळेत खिचडी शिजवते. चाललं होतं आमचं, पण काय सांगू तुला, गावाची पाण्याची विहीर नदीत, आणि वाळूवाल्यांनी नेमकं तिच्याजवळच खणायला घेतलं.

वाळूवाले म्हणजे दोघं भाऊ, बठ्ठं, म्हणजे सगळं गाव त्यांना शेठ म्हणतं. ह्यांनी जाऊन सांगितलं, विहीर ढासळेल, लांब खणा. ऐकेनात म्हणून पुन्हा गेले, तर धाकट्या शेठने पहार घातली ह्यांच्या पायावर. मी डबा घेऊन पोचले होते, मी डोळ्यांनी पाहिलं, आणखीही माणसं होती तिथे, पण पुढे त्यांना कोणालाच काही आठवेना, साक्षीला माझं एकटीचंच नाव राहिलं.

श्रावणात कोर्टाची तारीख लागली. धाकटा शेठ जामिनावर सुटलेला, तो घरी आला, ओट्यावर बसला, चहा प्यायला, शिवी नाही, आवाज चढवला नाही. वहिनी, म्हणे, काही दिसलं नाही म्हणा, विषय संपला. आणि चपला घालता घालता म्हणे, योगेश दीपनगरहून मोटारसायकलवरच येतो ना, रस्ता लई खराब आहे वहिनी. योगेश माझा मुलगा, तिकडे वीजकेंद्रात ठेकेदाराकडे आहे. त्या दिवसापासून माझ्या हाताची चव गेली. शाळेतली पोरं म्हणायची, मावशी, मीठ विसरली का.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळालाच नथ, डोळे, साडी, अशी देवी करून पाटावर मांडायची. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू घेऊन दळायचा, त्याला रोट म्हणतात, आणि त्याचं केलेलं फक्त घरच्यांनीच खायचं, बाहेर कोणाला देता येत नाही. मी योगेशला फोन केला, ह्या वर्षी येऊ नको. तो म्हणे, आणि माझा रोट? म्हटलं, पीठ ठेवते. हे खाटेवरून म्हणाले, देवीला काय सांगशील, शेठला विचारून जेवायला वाढते म्हणून? योगेशच्या नावाचं पीठ डब्यात तसंच ठेवलं आणि देवीपुढे बसले. धीर दे असं काही मागितलं नाही मी, खोटं कशाला बोलू. म्हटलं, माय, माझं नाव काढ यातून, दुसऱ्या कोणाला उभं कर.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी बोळवण. वाजतगाजत नदीवर न्यायची. पाट माझ्या डोक्यावर, मागे गल्लीतल्या बायका. नदीच्या उतारावर पाहते तर शेठचा ट्रॅक्टर आडवा लावलेला. मागची वाजंत्री थांबली. बायका म्हणाल्या, अक्का, शाळेकडून घ्या, कशाला तोंडी लागता. पण पाट एकदा डोक्यावर घेतला की नदीपर्यंत खाली ठेवता येत नाही आणि माघारी वळता येत नाही, ही आमची रीत. मग मी उभीच राहिले. डोक्यावरच्या देवीची नथ लटलट हलत होती. लोक अजून म्हणतात, अक्काच्या अंगात आली होती. काही आली नव्हती गं, मी घाबरले होते. पण तेव्हा मनात आलं, मी मागितलं होतं दुसऱ्या कोणाला उभं कर, आणि हिने मलाच उभं केलंय, नि माझ्या डोक्यावर स्वतः बसली आहे. आता मी एकटी कुठे आहे.

ड्रायव्हर गावातलाच. त्याने चपला काढल्या आणि फोनवर म्हणाला, कानबाई उनी शे शेठ, देवीच आलीय समोर, मी काय करू? तिकडून काय बोलले देव जाणे. हा म्हणाला, तुम्हीच या मग अडवायला. आणि त्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला.

नारळ नदीत सोडून पाटावर वाळू घरी आणायची असते. मी विहिरीजवळची ओंजळभर घेतली. घरी आल्या आल्या योगेशला फोन केला, ये, रोट खायला ये. तो दारात येईपर्यंत मी उंबरा सोडला नाही.

तारखेला वकिलाने विचारलं, पहार कोणाच्या हातात होती. मी बोट दाखवलं. धाकट्या शेठकडेच, आणि लगेच खाली घेतलं नाही.

केस अजून चालूच आहे. हे काठी घेऊन चालतात, शेठचे ट्रॅक्टर आता पलीकडच्या काठाला जातात. भीती गेली म्हणशील तर नाही, योगेश पोचल्याचा फोन येईस्तोवर घास उतरत नाही. पण माझं ओझं कोण उचलतंय ते मला ठाऊक झालंय. ती वाळू देव्हाऱ्यात आहे, जाताना पाया पड. किती हळू बोलतेस तू, मला वाकून ऐकावं लागतं. असू दे. माझाही आवाज कोर्टात एवढाच निघाला होता. माय तुझ्याही डोक्यावर हात ठेवो.