अध्यक्षबाईंची लेक

(डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, दुपारची वेळ. बाईंना जाऊन आठवडा झाला आहे. त्यांची लेक औषधांचं कपाट रिकामं करते आहे, बाईंची धाकटी बहीण, म्हणजे लेकीची मावशी, खुर्चीत बसली आहे, आणि नगरपालिकेतले जुने सभासद, म्हातारे वकील, दारात उभे आहेत.)

लेक : नाही काका, शोकसभेत मी बोलणार नाही. अख्खं गाव बोलणार आहे, तेवढं पुरे.

वकील : अगं, गाव काय, हारतुरे घालील आणि घरी जाईल. तिच्याशी उभी हयात भांडलो तो मी, मीसुद्धा बोलणार आहे. आणि पोटची लेक गप्प?

लेक : काय बोलू? गावाची ती आई होती. माझी नगराध्यक्ष. घरी यायची तीच परत निघायच्या घाईत.

मावशी : जीभ फार चालायला लागलीय तुझी.

लेक : खोटं आहे का, मावशी?

मावशी : खरं आहे. पण अर्धं.

वकील : जाऊ द्या हो. तुला सांगतो पोरी, तुझी आई इथे दवाखाना थाटून बसली तेव्हा बाई माणूस डॉक्टर असतं हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं. पुरुष यायचे आणि तिलाच विचारायचे, "डॉक्टर कुठे आहेत?" ती म्हणायची, "बसा, येतीलच." आत जायची, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून त्याच दारातून बाहेर यायची. "हं, बोला. काय होतंय?"

मावशी : आमचे वडील हसून हसून लोळायचे. पण बायकांनी आधी विश्वास टाकला हो. मागच्या दाराने यायच्या बिचाऱ्या, तोंड लपवून. एकीचं मूल आडवं आलं होतं, सगळ्यांनी आशा सोडली होती. ताईने दोघांना सुखरूप सोडवलं. मग मागचं दार अपुरं पडायला लागलं.

वकील : आणि तिथून बाई आमच्या बोकांडी बसल्या, नगरपालिकेत. का, तर म्हणे, "औषध मी देते आणि दुखणं तुमची गटारं देतात." पहिल्याच सभेत कुणीतरी "सभ्य गृहस्थहो" म्हणून सुरुवात केली, तर या उठून चालू लागल्या! विचारलं, कुठे? म्हणाल्या, "गृहस्थांची सभा आहे ना? माझं काय काम?" पुढे अध्यक्षसुद्धा त्याच झाल्या. आम्ही बसलो हात चोळत.

लेक : हे किस्से मला पाठ आहेत, काका. माझ्याजवळ एक आठवण आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. मी सहा वर्षांची. अंगात ताप. कापडी तंबू, अनोळखी पोरं रडताहेत. मी आईचा हात घट्ट धरलाय, आणि ती माझं एकेक बोट सोडवते आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी खाटेकडे निघून जाते. ती सांगू का सभेत?

मावशी : वकीलसाहेब, बसा आता तुम्ही. उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही ते.

वकील : बसतो. घटसर्पाची साथ होती ती. पोरांच्या घशात पांढरा पडदा धरायचा आणि श्वासच कोंडायचा. तुझ्या आईने हुकूम काढला, आजारी मूल घरात ठेवायचं नाही, गावाबाहेरच्या छावणीत आणायचं. गाव पेटलं! छावणीत गेलेलं पोर परत येत नाही, अशी आवई उठली. लोक पोरं माळ्यावर लपवायला लागले. मी भर सभेत उभा राहिलो. म्हटलं, "अध्यक्षबाई, उद्या तुमचीच मुलगी तापली तर?"

लेक : मग?

वकील : "तर तीही जाईल." एवढंच. आणि पुढचा विषय घेतला.

मावशी : त्याच आठवड्यात तू तापलीस. ताईने चमच्याने जीभ दाबून तुझा घसा बघितला. चमचा ठेवला आणि तुझी वळकटी बांधायला घेतली. मी म्हटलं, ताई, तू स्वतः डॉक्टर, घरीच कर काय करायचं ते. कोण विचारतंय? तर म्हणाली, "आणि उद्या कुणाच्या दारात जाऊन पोर मागू मी?"

लेक : मागच्या रस्त्याने नेलं असेल, गुपचूप.

वकील : मागच्या? भर बाजारातून! दुकानं उघडलेली, ऊन वर आलेलं. तुला खांद्यावर टाकलेलं, तोंडावर फडकं. मागे तुझे वडील वळकटी घेऊन. मी गच्चीतून बघत होतो. तराजू धरलेले हात होते तिथेच थांबले गं. आणि दिवस मावळायच्या आत माळ्यावरची पोरं खाली उतरली, आयांच्या कडेवर बसून छावणीकडे निघाली. किती वाचली असतील, तूच बघ.

लेक : आणि तिथे नेऊन मला टाकून दिलं.

मावशी : शेजारच्या खाटेवर गवंड्याची पोरगी निळी पडत होती. तुझा श्वास चालू होता, तिचा थांबत आला होता. म्हणून तुझी बोटं सोडवली. मी पोरीचं डोकं धरलं, ताईने गळ्याला छेद दिला, नळी बसवली. आणि नळी तुंबली. काही केल्या मोकळी होईना. तेव्हा ताईने सरळ तोंड लावलं नळीला. ती घाण ओढली, थुंकली, पुन्हा ओढली. मी किंचाळले, "ताई, तुला होईल!" ऐकतेय कोण? पोरीच्या ओठांवर रंग आला तेव्हा कुठे मान वर केली तिने.

लेक : आणि... झालं तिला?

मावशी : होणारच. तू बरी होऊन छावणीत उड्या मारत होतीस, तेव्हा ती पलीकडच्या तंबूत निपचित पडली होती. जगली, पण घसा गेला. तू ज्या आवाजाला घाबरायचीस ना, तो घोगरा, करडा? तो तिचा नव्हताच गं.

लेक : मला वाटायचं, ती सारखी माझ्यावर चिडलेली असते.

मावशी : ठाऊक होतं तिला. मी म्हणायचे, सांगून टाक पोरीला. तर म्हणायची, "सांगितलं तर ती त्या गवंड्याच्या लेकीचा राग करेल. त्यापेक्षा माझा केलेला बरा."

वकील : हे मला नव्हतं माहीत. मला माहीत आहे ते पुढच्या सभेचं. साथीच्या रुग्णालयाचा ठराव मांडायचा होता आणि हिच्या तोंडून नुसती हवा! ओठ हलतात, शब्द नाही. मी उठलो, तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती माझ्या कानात सांगायची, मी मोठ्याने बोलायचो. जिच्या शब्दाला मी जन्मभर आडवा गेलो, तिचा ठराव माझ्या तोंडून मांडला गेला. एकूण एक हात वर. वकिली खूप केली पोरी, पण तसं वकीलपत्र पुन्हा नाही मिळालं.

लेक : ...उद्या सभा कधी आहे, काका?

वकील : संध्याकाळी. बोलशील?

लेक : बोलेन. मावशी, आधी कसा होता गं तिचा आवाज?

मावशी : मऊ. तुला निजवताना गुणगुणायची. शेजारणीचं पोरसुद्धा त्यावर झोपायचं.

लेक : मला काहीच कसं आठवत नाही?

मावशी : कसं आठवेल? तू लगेच झोपायचीस.