कडू की गोड

(डोंगरपट्ट्यातलं आरोग्य केंद्र, सकाळचे साडेअकरा. आत संगीताला सापाच्या विषावरचं इंजेक्शन चालू आहे. बाहेर तिचा नवरा परमेश्वर, सासरे बबनराव आणि नर्स ज्योत्स्ना.)

ज्योत्स्ना : कडू लागला म्हणून घरी ठेवली? पुन्हा सांगा मला.

बबनराव : शिस्टरबाई, कडूलिंबाचा पाला चारून बघितला. गोड लागला की समजायचं, इख चढलंय. तिला कडूच लागला. सूज न्हाई, आग न्हाई. आमच्या आज्यापसून आसंच बघत्यात.

ज्योत्स्ना : मण्यार चावल्यावर सूज येतच नाही, बाबा! पापण्या मिटत जातात, जीभ जड होते, मग श्वासच थांबतो. कधी चावली?

परमेश्वर : पाटं पाचला. हातरुणातच. काळी, वर पांढरे पट्टे.

ज्योत्स्ना : साडेसहा तास! घर किती लांब तुमचं?

परमेश्वर : गाडीवर धा मिन्टं.

ज्योत्स्ना : दहा मिनिटं! इथं फ्रीजमध्ये औषध पडून, मी इथंच हजर, आणि तुम्ही पाला चारत बसलात? लाज नाही वाटली?

परमेश्वर : म्या काढलती गाडी. (बबनरावांकडे बघत) दादा म्हनले, कडू लागलंय, कावून घाई करतो?... ताई, आता तरी गुण येईल ना?

ज्योत्स्ना : वेळेत आणली असती तर छातीठोक सांगितलं असतं. आता वरातीमागून घोडं. डॉक्टर हातानं फुगा दाबून श्वास देतायत. एकशेआठची गाडी येतेय, अंबाजोगाईपर्यंत तिनं तग धरला पाहिजे.

बबनराव : आमी काय मुद्दाम केलं व्हय? लेकीवानी हाय ती.

ज्योत्स्ना : लेकीवाणी! गोठ्यात जनावरं आहेत?

बबनराव : बैलजोडी हाय.

परमेश्वर : औंदा ढवळ्याला बी साप डसलता.

ज्योत्स्ना : मग? त्याला चारला पाला?

बबनराव : न्हाई... जनावराच्या डागदरला फोन लावला. तासाच्या आत सुई दिली.

ज्योत्स्ना : ते का बरं?

बबनराव : मुकं जनावर ते. कडू का गोड, सांगतंय कुठं?

ज्योत्स्ना : संगीताला तर बोलता येत होतं ना? काय म्हणत होती ती?

बबनराव : (उठत) गाडी आली का बघून येतो.

ज्योत्स्ना : बाबा, तुम्हाला विचारतेय मी.

परमेश्वर : दवाखान्यात न्या, म्हनत होती. जीब जड व्हईस्तोर.