रामहरी फिटर आणि शनिवारचं तेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती सन्माननीय चनबसप्पा अण्णा. व्यासपीठावर विराजमान मान्यवर. आजचे सत्कारमूर्ती, आमच्या पाणीपुरवठा उपविभागातून आज निवृत्त होणारे फिटर रामहरी. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती सोनाबाई. आणि शुक्रवार पेठेतल्या या मंगल कार्यालयात पंख्याखालची जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी या उपविभागाचा उपअभियंता. लाउडस्पीकर बंद पडला तरी माझं भाषण थांबणार नाही, हे माझ्या हाताखालच्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. हसू नका, मागच्या रांगेतल्यांनो! तुमच्यातल्या निम्म्यांनी हा आवाज आपल्या कानांनी सोसलेला आहे. सर्वांत जास्त सोसला तो रामहरींनी.

बाहत्तरच्या दुष्काळात आपण गावोगाव बोअर घेतले. रात्रंदिवस मशिनं चालली. किती बोअर झाले, याचा तक्ता माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावलेला होता आणि कुणी साहेब आले की मी छाती पुढे काढून तो दाखवायचो. पण त्यांतले आज किती हातपंप पाणी देतात, असं मला कुणी विचारलं का? नाही. मी तरी स्वतःला विचारलं का? खरं सांगायचं तर मीही नाही. तो प्रश्न एकटे रामहरी विचारायचे. सायकल एस.टी.च्या टपावर टाकून दुधनीला उतरायचे आणि तिथून पान्यांची पिशवी हँडलला अडकवून गावं धुंडाळत फिरायचे. टेंभुर्णीकडचा हा माणूस. कानडीचं अक्षर येत नव्हतं. पण हद्दीवरच्या गावांतली पोरंसोरंसुद्धा त्यांना ओळखायची.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडे पाहिलंत, ते माझ्या ध्यानात आलं. पण आज थोडा वेळ जास्त घेईन. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा हार यांच्या गळ्यात घालायला माझा हात उचलणार नाही.

दुधनीच्या पुढे, हद्दीला लागून एक गाव आहे. नाव घेत नाही. कारण त्या गावाबद्दल पंच्याहत्तर साली मी सरकारी कागदावर जे लिहिलं, ते वाचून दाखवायची मला आज लाज वाटते. त्या गावची विहीर खारी. गोडं पाणी देणारा एकच, आपला हातपंप. आणि तो वर्षात चार वेळा अडकला. दरवेळी तीच तक्रार, साखळी आखडली, दांडा हलत नाही. रामहरी जायचे, झाकण उघडायचे, तर साखळी गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखी चिकट! चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं. मी शेरा मारला, ‘गावकऱ्यांकडून जाणूनबुजून नुकसान.’ आणि आदेश काढला, पंप काढून दुसऱ्या गावाला बसवा. त्या गावाला एकदा तरी जाऊन पाहिलं होतं का मी? छे! जीपला वेळ कुठे होता?

आदेश घेऊन रामहरी गेले ते रिकाम्या हातांनी परत आले. म्हणाले, “साहेब, पाइप वर वढायचं तिकाटणं मोडलं.” पुढच्या आठवड्यात, “गाडी न्हाय मिळाली.” त्याच्या पुढच्या आठवड्यात, “माणसं कमी पडली.” मी काय मूर्ख होतो? होतोच म्हणा, पण ते नंतर कळलं. मी सरळ मेमो काढला. ‘कामात हलगर्जीपणा, वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा.’ सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली. पंचवीस वर्षांच्या नोकरीतली ती यांची पहिली नोंद. रामहरींनी सही केली, “बरं साहेब” म्हणाले आणि गेले. यांच्या त्या ‘बरं साहेब’चा मला भयंकर राग यायचा.

मग मीच जीप काढली. म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत पंप उपटतो. रामहरींना मागच्या सीटवर बसवलं. वाटेत मी बोलत होतो, ते ऐकत होते. गावात उतरलो, तणतणत पंपाशी गेलो, दांडा धरला आणि सगळा जोर लावला. आणि काय सांगू मंडळी, दांडा अलगद खाली आला! मी तोंडावर आपटता आपटता वाचलो. तिसऱ्या हापशाला पाणी आलं, थेट माझ्या बुटांवर. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी ओरडलो, “रामहरी, पंप चालू आहे, मग सांगितलं का नाही?”

तेव्हा या गृहस्थानं मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. पंप काढायला ते पहिल्यांदा गेले, तो शनिवार होता. पाहतात तर बसम्मा नावाच्या बाई पंप धुऊन, हळदकुंकू लावून, दांडा जिथं आत शिरतो त्या फटीतून वाटीभर तेल ओतत होत्या. घरचं करडईचं तेल! रामहरींनी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, “मारुतीला घालतो की शनिवारी. ह्यो तर पाणी देतोय. ह्येला नको व्हय?” त्यापायी दर शनिवारी त्यांच्या घरी बिनफोडणीची आमटी व्हायची. आता करडईचं तेल चार दिवस हवेला राहिलं की चिकटतं, वाळलं की डिंक होतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. त्या डिंकात धूळ बसायची आणि साखळी आखडायची.

म्हणजे मी ज्याला नुकसान म्हणत होतो, ते एका बाईनं पोटाला चिमटा घेऊन केलेलं होतं.

रामहरींनी साखळी रॉकेलनं धुतली, वंगण भरलं, आणि ज्या पान्याला गावकऱ्यांनी हात लावायचा नाही असा माझा सक्त हुकूम होता, तो पाना, झाकण उघडून तेलाऐवजी वंगण घालायला शिकवून, बसम्मांच्या हातात दिला. मी म्हटलं, “अहो, हे एका ओळीत लिहून दिलं असतं तर मेमो टळला असता!” ते म्हणाले, “लिवलं आसतं साहेब. पण मग कागदावर बाईचं नाव आलं आसतं, हिनं पंप बिघडवला म्हून. तिनं तर घरचं त्याल घातलं व्हतं. माजं काय, माज्या मेमोनं कुणाचं पाणी तुटत न्हाय.”

पंप तिथंच राहिला. आदेश मी गुपचूप फाईलबंद केला. बसम्मा आज चार गावांचे पंप पाहतात, आणि गेल्या तीन वर्षांत त्यांतला एकही दोन दिवसांवर बंद राहिलेला नाही. त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. सकाळी मी त्यांना विचारलं, बाई, हे सभेत सांगू का? त्या म्हणाल्या, “सांगा की. त्याल माजं, चूक बी माजी. रामहरीअण्णाला तेवडं बोल लावू नका.” आता टाळ्या वाजवा. या बाईंसाठी वाजवाल तेवढ्या कमीच.

पण मेमो? मेमो तसाच राहिला. का राहिला? तो मागे घ्यायचा तर न पाहता आदेश काढला, हे मला लिहून द्यावं लागलं असतं. तेवढं धाडस या मोठ्या आवाजाच्या माणसात नव्हतं. सोनाबाई, यांनी घरी कधी मेमोबद्दल सांगितलं होतं? बघा, मान हलवतायत. नाही. मला वाटलंच होतं.

काल मी सेवापुस्तकात त्या लाल ओळीखाली लिहिलं, ‘सदर मेमो चुकीचा. दोष उपअभियंत्याचा.’ आणि सही केली. वरचं ऑफिस काय म्हणायचं ते म्हणो. रामहरी आज जातायत, त्यांनी कोऱ्या नावानं जावं.

अध्यक्षांचे, हे कार्यालय देणाऱ्यांचे आणि गावोगावहून पदरचं भाडं भरून आलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. मेमोची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. रामहरी, माझं चुकलं.

अहो, उठताय कशाला? बसा. आज मीच येतो तिकडे.