गुळाच्या नवसावर एम.ए.

चहा येईपर्यंत माझ्या परीक्षेचं सांगते. राज्यशास्त्राच्या एम.ए.ची तोंडी परीक्षा अमरावतीला होती आणि वार नेमका सोमवार. अकोल्याहून निघतानाच सासूबाईंनी बजावलं होतं, "एकच खेप बस. नापास झाली त पुस्तकं गुंडाळून ठेव."

परीक्षकांनी बिस्किटांची बशी पुढे केली. मी म्हटलं, "उपास आहे."

"कायदा नाही, शिक्षा नाही, मग कशाला पाळता?"

"संकल्प मी स्वतः केलाय."

"मग सरकारचे कायदे पाळायचा संकल्प कधी केलात?"

"कधीच नाही. पण मी तान्ही असताना आईनं अंबादेवीला माझ्या वजनाइतक्या गुळाचा नवस बोलला होता. तोही मीच फेडला."

"कधी?"

"लग्नानंतर."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "म्हणजे मागच्यांचं ओझं पुढच्यांवर वाढूनच येतं."

"येतं. पण गूळही मग सगळ्यांना पुरतो."

ते हसले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. पुढे काही विचारलंच नाही.

पास झाले. सासूबाईंना सगळं सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "गुळावर पास करून राहिले त पुढच्या साली मी बी बसतो."