श्रीरामची नजर आणि विम्याचा फॉर्म

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, "चूक आपल्याकडून होत नाही, भिया!" (भिया म्हणजे भाऊ, आमच्या गावचा शब्द.) नाही ना होत? मग त्या जित्याजागत्या माणसाचा फोटो हार घालायला काय मी पाठवला होता? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली, राजेंद्र नगरात माझं झेरॉक्सचं दुकान आणि ह्या श्रीरामचा 'शोभना फोटो स्टुडिओ' भिंतीला भिंत लावून आहेत. भिंत कसली, प्लायवुड! तो तिकडे शिंकला की माझ्याकडे कागद हलतात. त्यामुळे सगळं ह्या कानांनी ऐकलंय, आणि जे ऐकू आलं नाही ते शोभनावहिनींनी येऊन सांगितलंय.

झालं असं, की एका शाळेने त्याला सांगितलं, पोरांच्या फोटोंचं वर्षभराचं काम देतो, पण आधी धंद्याचा विमा दाखवा. आता श्रीराम म्हणजे हातून दमडी सुटणार नाही असा माणूस! तरी बोलावला एजंट, विजय नगरहून. शार्दूल नाव, तिशीचा, भर मे महिन्यात टाय लावून घामाघूम.

"काका, आगीचा घ्या."

"आग? माझ्याकडे देवासमोरसुद्धा लाइटीचा दिवा आहे."

"बरं, चोरीचा?"

"वर शोभना झोपते. तिला बघून चोर स्वतःचं पाकीट ठेवून जाईल." वहिनी चहा घेऊन तिथेच उभ्या हां, क्या बताऊं!

"कोणी वायरीत पाय अडकून पडलं तर?"

"तर त्याचा पण फोटो काढीन. पोज न देता काढलेल्या फोटोचे मी ज्यादा घेतो."

"मग काका, हा एक तरी घ्याच, कामातल्या चुकीचा. तुमच्याकडून काही गफलत झाली, गिऱ्हाइकाने नोटीस धाडली, तर वकील कंपनीचा आणि भरपाईही कंपनीची."

बस्स! श्रीरामने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चूक आपल्याकडून होत नाही, भिया. माणूस नुसता कॅमेऱ्यातून बघितला ना, की सांगतो त्याचं काय चाललंय आणि काय संपलंय!"

सात चकरा मारल्या हो शार्दूलने, सात! शेवटी शाळेला दाखवण्यापुरता आगीचा तेवढा घेतला, सगळ्यात स्वस्तातला, आणि सही करताना विचारतो, "वर्षभरात आग नाही लागली तर अर्धे परत ना?"

पंधरा दिवस गेले आणि शार्दूलचाच फोन. "काका... आमचे बाबा गेले." किसनराव. झोपेतच गेले बिचारे. दुसऱ्या दिवशी चारला उठावना, म्हणजे सगळ्यांनी जमून फूल वाहायचं, हार घालायला मोठा फोटो पाहिजे, आणि बाबांनी जन्मात एक धड फोटो काढून घेतलेला नाही. "लग्नातला एक पाठवतो मोबाइलवर, त्यातून करा." पाठवला. त्यात दोन म्हातारे शेजारी शेजारी, दोघांना फेटे, दोघांना तश्शाच मिशा! सख्खे भाऊ, एक किसनराव, एक धाकटे बाबूराव. कोणता कोण ते लिहायचं राहिलं. आता बाप गेलेल्या माणसाने लिहून लिहून काय काय लिहायचं?

वहिनी म्हणाल्या, "अहो, विचारून घ्या ना कोणते ते."

"लाज आहे का, शोभना? घरात सुतक, आणि मी फोन करून विचारू, बाबा रे, यातला तुझा बाप कोणता?"

"मग कळणार कसं?"

आणि तुम्हाला सांगतो, ह्या गृहस्थाने स्क्रीनला नाक लावलं आणि दोन मिनिटांत निकाल! "हे बघ. ह्याचे गाल बघ, जिलेबी दाबून बसलाय, हा पंधरा वर्षं हलत नाही. आणि हा? डोळे आत, मान बारीक, कॉलर ढिली... हा गेला. हाच गेला."

"अहो पण..."

"चूक आपल्याकडून होत नाही!"

अब बोलो! शेजारधर्म म्हणून उठावन्याला मी पण गेलो. फोटो पोचला चारला पाच कमी असताना, पेपरात गुंडाळलेला. रडारडीत शार्दूलच्या बायकोने उघडला, पाटावर ठेवला, झेंडूचा जाडजूड हार घातला, अर्धा चेहरा झाकला, संपलं! लोक येतायत, फूल वाहतायत, हात जोडतायत. आणि पहिल्या रांगेत कोण? बाबूराव! भावाच्या दुःखात मान खाली घालून बसलेले. त्यांची पाळी आली. उठले, वाकले, आणि बघतात तर... स्वतःच! हातातलं फूल हातात. मागून एक म्हातारी खेकसली, "वाहा ना हो लवकर, सगळ्यांना वाहायचंय!"

तशी बाबूरावांनी हार जो ओढला! फोटो आडवा, काच तडकली, आणि हे ओरडतायत, "अरे, मी आहे! मी आहे अजून!" आणि ती म्हातारी, देवाशप्पथ सांगतो, शेजारणीला विचारते, "मग गेलं कोण?" किसनरावांसाठी रडायचं राहिलं बाजूला, मागच्या रांगेतले तोंडात रुमाल कोंबून बसलेले. मी पण. खोटं कशाला बोलू?

आता बाबूराव म्हणजे उभा जन्म कोर्टात कारकुनी केलेला माणूस. तो काय सोडतोय? फोटो पुरावा म्हणून घरी नेऊन कपाटात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मानहानीची नोटीस! आठ लाख. अख्खा स्टुडिओ विकला, वर शोभनावहिनींच्या पाटल्या घातल्या तरी आठ होत नाहीत. श्रीराम तसाच धावला विजय नगरला. शार्दूल बसलेला, डोकं तुळतुळीत, हातात बापाच्या मृत्यूचा दाखला.

"शार्दूलजी, ती चुकीवाली पॉलिसी द्या हो." जी! कालपर्यंत अरे होता!

"काका, वरातीमागून घोडं? आणि फॉर्ममध्ये विचारतात, मागे काही चूक झाली आहे का. काय लिहू? माझा बाप सोडून काकाला मारलं, असं लिहू?"

तिथून निघाला तो थेट बाबूरावांच्या पायावर. बरं, नुसती माफी मागावी ना? नाही! समजावून सांगतो! "काका, तुमचे डोळे आत गेलेले, मान बारीक... कोणालाही वाटलं असतं हो!"

झालं. त्या दिवसापासून बाबूरावांनी पोहे सोडले. कपाट उघडायचे, फोटो बघायचे, कपाट लावायचे. दर तासाला सुनेला हाक, "कॉलर बघ गं, ढिली झालीय का?" आणि किसनरावांच्या तेराव्याच्या सकाळी, बुंदीचे लाडू वळून परातीत तयार... बाबूराव उठलेच नाहीत! आचारी दारात उभा, विचारतोय, "साहब, हे लाडू आज वाढू की तेरा दिवसांनी परत वळू?"

बाबूरावांच्या वकिलाने फाइल मिटली. ज्याची मानहानी तोच राहिला नाही. रात्री शार्दूलचा फोन आला. "काका, नवा फोटो नको. तोच कपाटात आहे. तेवढी काच बदलून द्या."

बदलली. आणि काचेचे पैसे घेतले हो ह्या माणसाने! वर बाबूरावांच्या उठावन्याला माझ्या कानात म्हणतो, "सांगत होतो ना? चूक आपल्याकडून होत नाही. जरा घाई झाली, एवढंच."

स्टुडिओ वाचला, पण आता तिथे बसतंय कोण? शाळेने काम काढून घेतलं, आईबाप म्हणाले, त्या माणसाने आमच्या पोरांकडे बघायचं नाही. बायका समोरच्या फुटपाथवरून जातात, पदर तोंडावर ओढून! मला आपलं बँकेसाठी दोन पासपोर्ट फोटो हवे होते, शेजारीच दुकान, लांब कशाला जा, म्हणून गेलो. स्टुलावर बसलो. श्रीरामने कॅमेऱ्यातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "मोठाच करून ठेवू का रे?"

पासपोर्ट फोटो खिशात घातले आणि धावलो ना मी! तस्सा शार्दूलकडे. म्हटलं, बाबा, माझ्या जिवाचा विमा काढ, आजच्या आज, हा घे फोटो.

"कोणी काढलाय?"

"श्रीरामने."

"काही बोलले काढताना?"

सांगितलं. त्याने फॉर्म मिटला, ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाला, "काका, जळत्या घराचा विमा कंपनी घेत नाही."

मग काय, आलो परत. श्रीरामला म्हटलं, कर बाबा मोठा, आणि पैसे आत्ताच घे, नंतर आमच्या हिच्याकडून दुप्पट घेशील.